चार मीटरची कात्री आणि मधली टाकी

पुढची चाकं ओढणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या खाली असते. तिथे ती ठेवायला कारणं चांगली आहेत. मागच्या चाकांच्या पुढे असल्यामुळे मागून धडक बसली तर ती लगेच चेपत नाही, भरायचं तोंड जवळ येतं, आणि ती जागा दुसऱ्या कशाच्या कामाची आहे असं कोणाला वाटत नाही. पण त्या टाकीमुळे फरशीला तिथे उंचवटा येतो. मागचं सीट पाडलं की पाठ गादीवर पालथी पडते आणि सामान ठेवायला पायरी असलेला ओबडधोबड ओटा मिळतो. गादी उचलून उभी केली तरी खाली टाकीचं टेंगूळ असतंच.

होंडाने जून २००१ मध्ये जपानमध्ये 'फिट' आणली, ती आपल्याकडे आणि युरोपात 'जॅझ' या नावाने ओळखली जाते. तिच्यात ही टाकी उचलून पुढच्या दोन सीटच्या खाली नेली होती. ४२ लिटरची, पसरट, थाळीसारखी टाकी. तिच्याभोवती बाकीची गाडी रचली गेली. २००२ साली जपानमध्ये या गाडीचा खप अडीच लाखांवर गेला आणि सलग ३३ वर्षं पहिल्या क्रमांकावर असलेल्या टोयोटा कोरोलाला तिने खाली उतरवलं.

हे कौतुक इथे सांगण्याचं कारण वेगळं आहे. आपल्याकडे 'लहान गाडी' म्हणजे काय, हे गेली वीस वर्षं एक कराची ओळ ठरवते: लांबी ४,००० मि.मी.च्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत, डिझेल १,५०० सीसीच्या आत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हाही ओळ तीच राहिली. तिच्या आतल्या गाडीला १८ टक्के, बाहेरच्या गाडीला ४० टक्के. ही व्याख्या चुकीची आहे, असं माझं म्हणणं आहे. चार मीटर हा आकडा लहान किंवा मोठा आहे म्हणून नव्हे. चुकीची गोष्ट मोजली जाते म्हणून. कर ज्या मापाला फूटपट्टी लावतो तेवढंच माप कारखाना राखतो, बाकीची सगळी मापं सुटतात. फिटचा सांगाडा याचा सगळ्यात चांगला पुरावा आहे.

आधी ते सीट जवळून पाहू. पहिल्या पिढीतल्या गाडीची लांबी ३,८३० मि.मी. मागच्या सीटच्या गादीचा पुढचा काठ धरून ती वर उचलायची, ती सिनेमागृहातल्या खुर्चीसारखी पाठीला चिकटून उभी राहते. तिचा खालचा पाय दुमडून आत बसतो. आता पुढच्या सीटची पाठ आणि मागच्या सीटची पाठ यांच्यामध्ये दारापासून दारापर्यंत मोकळी सपाट फरशी, आणि फरशीपासून छतापर्यंत सव्वा मीटरच्या आसपास उंची. घरचा दीड-दोन फुटी गणपती पाटासकट, कोणी मांडीवर न धरता, उभाच्या उभा राहतो. मुकुट छताला लागत नाही. पुढचं चाक काढलेली सायकलही तशीच आडवी, उभ्या अवस्थेत मावते. दुसरा प्रकार: पाठ पुढे पाडली की गादी आपोआप खाली पाय ठेवायच्या खड्ड्यात बुडते आणि डिकीपासून पुढच्या सीटपर्यंत जमीन जवळजवळ सपाट होते. हे बुडणं महत्त्वाचं आहे, कारण टाकी खाली असती तर गादीला बुडायला जागाच नव्हती. तिसरा: पुढच्या डाव्या सीटची डोकं टेकायची उशी काढून ती पूर्ण मागे पाडायची, मग २.४ मीटरची लाकडी पट्टी किंवा पडद्याचा दांडा आत जातो आणि डिकीचं दार लागतं.

टाकी हलवल्यावर मागची सस्पेन्शनही बदलावी लागली. चांगल्या चारचाकीला मागे स्वतंत्र सस्पेन्शन हवी, अशी तोपर्यंतची प्रतिष्ठेची कल्पना होती. होंडाने इथे साधी इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा, पिळला जाणारा दांडा) लावली, कारण ती जमिनीलगत बसते आणि शॉकॲब्सॉर्बरचे उंच मनोरे डिकीत घुसवत नाही. म्हणजे डिकीची फरशी आणखी खाली आली. स्वस्त आणि जुन्या वळणाचा भाग, पण त्या जागी तोच योग्य. खड्ड्यातून जाताना मागे किंचित आपटल्यासारखं होतं, ही त्याची किंमत.

मधल्या टाकीचीही किंमत आहे आणि ती लपवायचं कारण नाही. चालक थोडा उंच बसतो आणि सीट आणखी खाली नेता येत नाही. उंच माणसाला स्टिअरिंग मांडीजवळ येतं. मागे बसलेल्याच्या गुडघ्यांना ऐसपैस जागा असली तरी पाय पुढच्या सीटखाली सरकवायला गेलं की टाकीचा फुगवटा आड येतो. पसरट टाकीत पेट्रोल कमी असताना वळणावर ते एका कडेला पळतं, म्हणून पंपाभोवती थोडं पेट्रोल धरून ठेवणारी वाटी लागते. भरायचं तोंड मात्र मागेच आहे, त्यामुळे नळी लांब. आणि पंप किंवा त्याच्यासोबतचा फिल्टर बदलायचा झाला तर मागचं सीट उचलून भागत नाही, दोन पुढच्या सीटमधला हँडब्रेकचा कन्सोल उतरवावा लागतो. ज्या मेकॅनिकने हे पूर्वी केलेलं नाही तो अर्धा तास मागच्या सीटखाली झाकण शोधत बसतो.

इतका खटाटोप कोणी का करेल? होंडात जुनं एक सूत्र आहे, माणसाला जास्तीत जास्त जागा आणि यंत्राला कमीत कमी. पण सूत्रं सगळ्याच कंपन्यांच्या भिंतीवर असतात. खरं कारण असं की जपानमध्ये लहान गाडी चारही बाजूंनी डब्यात बसवलेली आहे, आणि एका भिंतीला धक्का मारून दुसरीकडून जागा चोरता येत नाही.

या भिंती मोजून पाहाव्यात. पहिली रुंदीची: 'पाच नंबर' वर्गात राहायचं तर रुंदी १,७०० मि.मी.च्या आत हवी (लांबी ४,७०० आणि इंजिन २,००० सीसीपर्यंत चालतं, म्हणजे लांबीचं बंधन फारसं बोचत नाही). फिट पहिल्या पिढीत १,६७५ मि.मी. होती, नंतरच्या तिन्ही पिढ्यांत १,६९५. दुसरी भिंत उंचीची, आणि ती सरकारची नाहीच. शहरांतल्या यांत्रिक मनोरा-पार्किंगमध्ये गाडी पाळण्यात बसवून वर नेतात. जुन्या मनोऱ्यांत १,५५० मि.मी.पेक्षा उंच गाडी घेत नाहीत. फिटची उंची १,५२५, आणि चारही चाकं ओढणाऱ्या मॉडेलची बरोबर १,५५०. तिसरी भिंत वजनाची. जपानमध्ये गाडीवर वजनाचा वेगळा कर आहे आणि तो दर अर्ध्या टनाला पायरीने चढतो. फिटच्या सुरुवातीच्या साध्या मॉडेलचं वजन ९९० किलो होतं. चौथी इंजिनाची: वार्षिक वाहनकर सीसीप्रमाणे, १,००० ते १,५०० चा एक टप्पा. फिटची इंजिनं १,३३९ आणि १,४९६ सीसीची.

रुंदी वाढवता येत नाही, उंची वाढवता येत नाही, वजन वाढवलं तर ग्राहकाला दरवर्षी टोचतं. मग जागा कुठून आणायची? फरशीखालून. टाकी मध्ये सरकली ती या कोंडीतून.

याच्या उलट बाजूचा पुरावाही जपानचाच आहे. टोयोटा यारिस जपानमध्ये १,६९५ मि.मी. रुंद विकली जाते आणि युरोपात तीच पिढी, तेवढ्याच ३,९४० मि.मी. लांबीची, १,७४५ रुंद आहे. एकच नाव, एकच सांगाडा, पाच सेंटिमीटरचा फरक केवळ नियमाचा. नियम नसता तर जपानमध्येही रुंद गाडीच विकली गेली असती, कारण रुंद गाडी दिसायला भारदस्त आणि आतून सोपी असते.

इंजिनाचंही थोडं सांगायला हवं, कारण तिथेही हीच कंजूषपणाची विद्या दिसते. पहिल्या फिटच्या १.३ लिटर इंजिनाला प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह होते, चार नाही. त्या काळात चार व्हॉल्व्ह नसणं म्हणजे मागासलेपण. पण होंडाने प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग दिले, एक हवा आत येते त्या बाजूला आणि एक धूर बाहेर जातो त्या बाजूला. वेग आणि भार पाहून संगणक दोन्ही एकदम पेटवतो किंवा किंचित पुढेमागे. दोन टोकांनी ज्योत पेटल्यामुळे मिश्रण लवकर जळून संपतं, ठोके पडायला वेळच मिळत नाही, म्हणून साध्या पेट्रोलवर १०.८ चा कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) झेपतो. ताकद ८६ अश्वशक्ती, आणि जपानच्या तेव्हाच्या चाचणीत मायलेज लिटरला २३ किलोमीटर. पुण्यात आकुर्डीच्या बजाजने २००३ मध्ये पल्सरला दोन प्लग दिले, तेव्हा आपल्याकडे ही कल्पना घरोघरी पोचली, तत्त्व तेच.

हेच इंजिन १.५ लिटरचं होऊन २००३ च्या होंडा सिटीत भारतात आलं. ती सिटी म्हणजे डिकी जोडलेली फिटच होती, मधल्या टाकीसकट. चार सिलिंडरला आठ प्लग आणि आठ कॉइल. पुढचे चार हात घालताच लागतात. मागचे चार काचेखालच्या वायपरच्या पत्र्याआड. तो पत्रा आणि वायपरचे दांडे काढल्याशिवाय पाना जात नाही. त्यामुळे अनेक गॅरेजांत पुढचे चार बदलून बिल आठचं लागायचं, किंवा प्रामाणिक मेकॅनिकलाही मागे आणखी चार आहेत हे ठाऊक नसायचं. मग सुटताना गाडी अडखळते, मायलेज उतरतं, आणि 'इंजिनातच दम नाही' असा शिक्का बसतो. जुनी सिटी अजून वापरात असेल तर आधी मागचे चार प्लग काढून त्यांचा रंग आणि गॅप पाहावा. पुढचे पिवळट-तपकिरी आणि मागचे झिजून गोल झालेले असतील तर निदान झालं.

फिट म्हणजे निर्दोष गाडी, असा समज होऊ नये. तिच्या पहिल्या पिढीतल्या सीव्हीटी गियरबॉक्सला (दातेरी चाकांऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत पुढे देणारा भाग, नव्हता. त्याच्याऐवजी पट्ट्याच्या पलीकडच्या बाजूला तेलात बुडालेला एक क्लच होता, तो गाडी सुटताना हळूहळू पकड घ्यायचा. वजन आणि इंधन वाचलं, पण तेल जुनं झालं किंवा कोणी साधं ऑटोमॅटिकचं तेल ओतलं की सिग्नलला सुटताना गाडी थरथरायची. उपाय सोपा: त्या गियरबॉक्ससाठीच बनवलेलं तेल बदलायचं, आणि मग क्लच कुठे पकड घेतो हे गियरबॉक्सच्या संगणकाला नव्याने शिकवायचं. दुसरी पायरी वगळली तर थरथर राहते. पुढच्या पिढीत जपानमध्ये होंडाने मुकाट्याने टॉर्क कन्व्हर्टर परत आणला. २०१३ च्या तिसऱ्या पिढीतल्या हायब्रिडची गोष्ट तर याहून वाईट. सात गतींचा दुहेरी क्लचचा गियरबॉक्स, त्यातच मोटर; ऑक्टोबर २०१४ पर्यंत वर्षभरात पाच वेळा गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि कंपनीच्या अध्यक्षांसह वरिष्ठांनी पगारात कपात घेतली. चतुराई दोन पावलं पुढे गेली की ग्राहकाच्या खिशातून चाचणी होते.

तरीही फरशी, टाकी, सीट हा मूळ आराखडा चारही पिढ्यांत टिकला. २०११ मध्ये आलेल्या होंडा एन-बॉक्सने तीच मधली टाकी जपानच्या सगळ्यात छोट्या वर्गात, केई गाडीत नेली. ३.४ मीटर लांब, १.४८ मीटर रुंद, ६६० सीसी या चौकटीत आतून घरासारखी जागा. जपानच्या खपाच्या यादीत ती वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकावर आहे.

आता आपल्याकडे. चार मीटरची ओळ २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आली. लहान गाडीवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं. हेतू चांगला होता: मारुती ८०० ते स्विफ्ट या वर्गाला आधार, देशाला लहान गाड्यांचा कारखाना करायचा. गंमत म्हणजे मारुती ८०० स्वतः एका जपानी कराची मुलगी होती. तिचं मूळ केई नियमात बसवलेली सुझुकी आल्टो. त्या नियमाने लांबी, रुंदी, उंची, सीसी सगळंच आवळलेलं, म्हणून ती गाडी प्रत्येक दिशेने लहान होती. आपण नियम केला तेव्हा त्यातली दोनच मापं उचलली.

परिणाम पहिल्या दोन वर्षांतच दिसला. २००८ मध्ये टाटांनी इंडिगोची डिकी कापून ३,९८८ मि.मी.ची सीएस आणली. २०१२ मध्ये मारुतीची डिझायर ३,९९५ झाली. मागचा भाग सुरीने कापल्यासारखा, चाकाच्या मागे वीतभर उरलेलं. त्या गाड्या वाईट नव्हत्या. लोकांना डिकी हवी होती आणि ती मिळाली. पण हे अभियांत्रिकीतून आलेलं लहानपण नाही, कात्रीतून आलेलं आहे.

नंतर कात्री कंटाळली आणि गाड्या दुसऱ्या दिशांनी फुगायला लागल्या. आज चार मीटरच्या आतल्या ज्या गाड्या सगळ्यात जोरात विकल्या जातात त्या उंच बॉनेटच्या छोट्या एसयूव्ही. ब्रेझा १,७९० मि.मी. रुंद, नेक्सॉन १,८०० च्या वर. २००५ ची स्विफ्ट १,६९० होती आणि भारतातली जॅझ १,६९४. म्हणजे लांबी जवळजवळ तीच, रुंदी सरळ चार बोटं ते वीतभराच्या मध्ये कुठेतरी वाढली. वजन तसंच: जॅझ पेट्रोल हजार किलोच्या जेमतेम वर, या छोट्या एसयूव्ही बाराशेच्या आसपास. सगळ्या कायद्याने 'लहान'.

रुंदीवर मी एवढा का अडतो? कारण रस्त्यावर अडचण रुंदीची होते. सदाशिव पेठेत किंवा गिरगावच्या गल्लीत समोरासमोर दोन गाड्या आल्या तर मागे कोणाला घ्यायची हे लांबी ठरवत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दार उघडून उतरता येतं की पोट आत घेऊन सरकावं लागतं, हे दोन गाड्यांच्या रुंदीच्या बेरजेवर ठरतं. उभ्या केलेल्या गाडीने रस्त्याच्या रुंदीतले किती सेंटिमीटर खाल्ले, त्यावर बस जाईल की नाही हे ठरतं. आणि नेमकं तेच माप आपला कर मोजत नाही.

इंजिनाची अट त्याहून निरर्थक झाली आहे. १,१९८ सीसी किंवा ९९८ सीसी, आणि त्यावर टर्बो. २००६ मध्ये सीसी हे इंधनखपाचं बरं माप होतं. टर्बो आल्यावर लहान सीसीत मोठ्या इंजिनाची ताकद बसते आणि घाटात दामटलं की पेट्रोलही तितकंच जातं. विजेच्या गाडीला तर सीसी नाहीच. ती कितीही लांब-रुंद असो, तिला ५ टक्के जीएसटी. राज्याचा कर आणखी वेगळा, महाराष्ट्रात तो किंमत आणि इंधन पाहून लागतो. एका गाडीवर दोन कर, आणि दोघांपैकी एकालाही ती रस्त्यावर किती जागा घेते याच्याशी देणंघेणं नाही. इंधन कार्यक्षमतेच्या कॅफे नियमांतही कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन वाढलं की लक्ष्य सैल होतं. म्हणजे जड होण्याला शिक्षा तर नाहीच, थोडी सूटच.

कर लांबीऐवजी रुंदीवर आणि वजनावर हवा, असं माझं म्हणणं. यावर पहिला आक्षेप मला माहीत आहे आणि तो वजनदार आहे. जॅझ भारतात आली होती ना? जून २००९ मध्ये, ३,९०० मि.मी. लांब, १,१९८ सीसी, कराच्या ओळीच्या आत. लोकांनी घेतली नाही. सुरुवातीची किंमत सात लाखांच्या घरात, डिझेल नाही. २०११ मध्ये दीड लाखाहून जास्त किंमत कापली, २०१३ मध्ये बंद. २०१५ मध्ये डिझेलसह पुन्हा आली, पुन्हा थंडावली. मग रुंदीचा आणि वजनाचा कर लावून तुम्ही लोकांवर न आवडणारी गाडी लादणार का?

याला माझं उत्तर दोन तुकड्यांत आहे. किंमत हे पहिल्या अपयशाचं खरं कारण. डिझेल स्वस्त असताना पेट्रोलचीच लहान गाडी मोठ्या गाडीच्या भावात कोण घेईल. दुसऱ्या अपयशाच्या वेळी मात्र बाजार उंच गाडीकडे वळला होता, हे मान्य. त्यालाही कारण आहे आणि ते केवळ ऐट नव्हे. आपले स्पीडब्रेकर कुठल्या मापाने बांधतात हे बांधणाऱ्यालाच ठाऊक. पाच माणसं बसलेली जॅझ १६५ मि.मी. ग्राउंड क्लिअरन्सवर गल्लीतला नवा स्पीडब्रेकर ओलांडताना पोट घासते. जो माणूस हे रोज ऐकतो तो पुढच्या वेळी उंच गाडी घेणारच. पण उंच असण्यासाठी रुंद आणि जड असावंच लागतं असं नाही. इथेच कराने दिशा द्यायची असते: उंची हवी तर घ्या, ती फुकट आहे, रुंदी आणि वजन घेतलंत तर त्याचे पैसे द्या.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. हलकी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, वजनावर कर म्हणजे जिवावर कर. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडी धडकवून सुरक्षेचे तारे देणाऱ्या, चाचण्या आहेत, त्यामुळे याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज उरलेली नाही. सांगाडा कमकुवत असेल तर तारे मिळत नाहीत, वजन कितीही असो. वजनाचा बराच भाग सांगाड्यात नसतो. तो मोठ्या चाकांत, काचेच्या छतात, रुंद दारांत असतो. आणि धडकेत जड गाडी आतल्याला वाचवते ती समोरच्याच्या जिवावर. समोरचा बहुतेक वेळा दुचाकीवर असतो.

नियम कसा असावा? मी लांबीची ओळ सरळ काढून टाकेन. तिच्या जागी १,७०० मि.मी. रुंदीची ओळ, आणि वजनाला ओळ न ठेवता उतार: ठरावीक किलोनंतर प्रत्येक किलोला ठरावीक पैसे. उतार अशासाठी की ओळ आखली की सगळे ओळीला नाक लावून उभे राहतात. जपानचा अर्ध्या टनाचा टप्पाही त्यातून सुटलेला नाही, ९९० किलो हा आकडा काही योगायोगाने आलेला नाही. आपल्याकडे १८ आणि ४० च्या मध्ये जी दरी आहे तिच्या काठावर तर पाच मिलिमीटरसाठी बंपर घासतात. सीसीची अट काढून चाचणीतला प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जनाचा आकडा घ्यावा, तो प्रत्येक मॉडेलचा सरकारकडे आधीच आहे. विजेच्या गाडीच्या बॅटरीच्या वजनाला काही वर्षं अर्धी सूट द्यावी, पूर्ण नको; नाहीतर दोन टनांची विजेची गाडी कागदावर हवेसारखी हलकी ठरेल.

अडचण येईल ती संक्रमणाची. आजच्या कारखान्यांतले साचे १,७९० च्या हिशोबाने पडले आहेत आणि एका गाडीचा साचा सहा-सात वर्षं तरी चालवावा लागतो. म्हणून रुंदीची ओळ आज जाहीर करून तितक्याच वर्षांनी लागू करावी. वजनाचा उतार मात्र पुढच्याच अर्थसंकल्पात सुरू करता येतो, कारण कंपनीने जाहीर केलेलं कर्ब वेट (रिकाम्या गाडीचं वजन) सरकारी कागदांत आजही असतं.

या सगळ्यात मधल्या टाकीचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. २०१७ मध्ये जॅझच्याच सांगाड्यावर डब्ल्यूआर-व्ही आली. लांबी ३,९९९ मि.मी., ओळीपासून एक मिलिमीटर आत. ग्राउंड क्लिअरन्स १८८. चाकांभोवती काळं प्लॅस्टिक चढवून रुंदी १,६९४ वरून १,७३४ झाली. आत जागा तीच. टाकी अजून पुढच्या सीटखालीच होती, पण मागची ती उचलायची गादी तिला दिली नाही. पुढच्या वर्षी जॅझच्या नव्या रूपातूनही ती गादी काढून टाकली. फरशी सपाट, खाली जागा मोकळी, आणि वर साधं जोडलेलं सीट.